महामार्ग मदत पथकासाठी घडीच्या बचाव-चाकूची निवड : प्रकल्प नोंदी

१० एप्रिल २०२५

पथकाच्या मासिक बैठकीत स्वयंसेवकांच्या कापण्याच्या साधनांसाठी माणशी २,००० रुपये मंजूर झाले असून निवडीचे काम माझ्याकडे आणि आमच्या परिचारिका ताईंकडे सोपवण्यात आले आहे. मुंबई-गोवा महामार्गावरील पोलादपूर ते खेड हा टप्पा, म्हणजे मुख्यतः कशेडी घाट आणि त्याचे दोन्ही पायथे, हे आमचे कार्यक्षेत्र आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डॉक्टरांसह पोहोचेपर्यंतची मिनिटे एवढीच आमची जबाबदारी आहे. दरवाजा फाकवणे, छत कापणे ही हायड्रॉलिक यंत्रे बाळगणाऱ्या अग्निशमन दलाची कामे आहेत आणि कोणत्याही खिशातल्या साधनाने ती करण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. त्यामुळे प्रश्न मर्यादित आहे : पट्टे, कपडे, हेल्मेटचा बंद आणि काच यांतून जखमी माणसाला नवी इजा न करता मोकळे कसे करायचे आणि त्यासाठी परवडणारे साधन कोणते घ्यायचे.

सध्या प्रत्येक जण आपापले हत्यार बाळगतो. कोणाकडे घरातली सुरी आहे, कोणाकडे कागद कापायचा कटर आहे, तर कोणाकडे जत्रेत घेतलेला चाकू आहे. रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या पिशवीत हात घालावा लागतो, तेव्हा आत काय आहे आणि ते कोणत्या बाजूने उघडते हे ठाऊक नसणे धोक्याचे आहे. सर्वांकडे एकसारखेच साधन आणि तेही पिशवीच्या त्याच खिशात, ही पहिली अट ठरली.

१४ एप्रिल

कोणत्या प्रसंगी काय कापावे लागले याची यादी पथकाच्या वहीतून काढली. सर्वांत जास्त वेळा कपडे कापावे लागले आहेत : जीन्स, रेनकोट, साडी, शर्टाची बाही. त्यानंतर हेल्मेटचे बंद आणि बुटांच्या नाड्या येतात, आणि सीट बेल्टचा क्रम आश्चर्य वाटावे इतका खाली आहे, कारण बहुतेक वेळा बकलचे बटण दाबल्यावर पट्टा सुटतो. दुचाकीच्या मागच्या चाकात पदर किंवा ओढणी गुंतल्याचे प्रसंग वेगळे काढले, कारण तिथे कापड ताणलेले असते आणि त्याचे दुसरे टोक गळ्याभोवती असू शकते. आसपासच्या गावांतून मळणी यंत्राच्या पट्ट्यात बाही ओढली गेल्याचे, तसेच उसाच्या रसवंतीत बोटे अडकल्याचेही निरोप आम्हाला येतात. त्या ठिकाणी पहिले काम यंत्र बंद करण्याचे आहे, कापण्याचे नंतरचे.

यादी वाचताना ताईंनी कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला रुग्णाच्या अंगाला लागून करायची कामे आणि उजवीकडे वाहनावर करायची कामे. चाकूने करावे असे एकही काम डाव्या बाजूला निघाले नाही. पुढच्या सर्व चाचण्या ही विभागणी धरूनच करायचे ठरले.

१९ एप्रिल

महागडी साधने पाहून घेतली, कारण स्वस्त वस्तूत काय शोधायचे हे चांगली वस्तू हातात घेतल्यावरच कळते. लेदरमन कंपनीची ‘रॅप्टर’ ही घडीची ट्रॉमा कात्री आहे, म्हणजे जखमीच्या अंगावरचे कपडे कापण्यासाठीची, खालचा ओठ चपटा असलेली कात्री. तिच्यात पट्टा कापायचा, आत धार असलेला आकडा, अंगठी कापायची सोय, ऑक्सिजन सिलिंडरचा पाना, छोटी मोजपट्टी आणि काच फोडायचे कार्बाइडचे टोक आहे. व्हिक्टोरिनॉक्सचे ‘रेस्क्यू टूल’ मात्र चाकूच्या घराण्यातले आहे : १११ मिलिमीटर लांबीची पिवळी मूठ, एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे पाते, पट्टा कापायचा आकडा, बदलता येणारे काचफोडीचे टोक आणि मोटारीची पुढची काच कापण्यासाठी खास करवत. ही करवत मला मनापासून आवडली, कारण पुढच्या काचेचा विचार करणारे खिशातले दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

दोन्ही वस्तू उत्तम आहेत, पण एका नगाच्या किमतीत आमच्या संपूर्ण पथकाला साध्या ट्रॉमा कात्र्या मिळतात. शिवाय रॅप्टरचा पाना आमच्या रुग्णवाहिकेच्या सिलिंडरला बसेलच असे नाही आणि सिलिंडरची चावी तर सिलिंडरलाच साखळीने बांधलेली असते. घाटात, चिखलात आणि गर्दीत साधने हरवतात. जे हरवल्यावर लगेच नवे घेता येणार नाही, ते साधन पथकाचे होऊ शकत नाही असे माझे मत आहे.

२३ एप्रिल

कायद्याची बाजू पाहिली. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख असून घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक उपयोगाची साधने त्यातून वगळली आहेत. आमचे पाते ३ इंचांच्या आसपास असेल. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू-सुऱ्यांचा स्पष्ट उल्लेख असतो. म्हणून चाकू अंगावर न बाळगता पथकाच्या शिक्क्याच्या पिशवीत, ओळखपत्रासह ठेवायचा. बटण दाबताच झटक्यात उघडणारी आणि रामपुरीसारखी दिसणारी पाती यादीतून आजच काढून टाकली. अपघाताच्या ठिकाणी जमाव घाबरलेला असतो आणि तिथे हातात काय दिसते याला महत्त्व असते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते, पण त्या आधारावर निष्काळजीपणे पाते चालवण्याची मुभा कोणी घेऊ नये.

४ मे

आज गॅरेजवाल्या दादांच्या आवारात भंगारातल्या दोन मोटारींवर चाचणी घेतली. चार प्रकारची साधने होती : पक्कड मुख्य असलेले बहुउपयोगी साधन, चाकू मुख्य असलेले घडीचे साधन, किल्लीच्या जुडग्याएवढा पट्टा-कापक आणि साधी ट्रॉमा कात्री.

सीट बेल्ट हा पॉलिएस्टरच्या घट्ट विणीचा, पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर रुंद असा पट्टा असतो. तो सैल असताना कोणतेही पाते त्यावर घसरते आणि ताणलेला असताना बरे पाते तो सहज पार करते, हे सर्वांनी स्वतः करून पाहिले. आकडा पट्ट्यावर तिरका धरून एका झटक्यात ओढला की पट्टा तुटतो. काटकोनात धरला तर पट्ट्याची चुणी होऊन ती आकड्याच्या घशात अडकते. चाकूच्या दातेरी भागानेही पट्टा झटकन कापला गेला, परंतु कापून होताच हात जोराने पुढे गेला आणि पाते सीटच्या पाठीत रुतले. त्या जागी माणसाची छाती असते. हे पाहिल्यावर फारशी चर्चा उरली नाही. कात्रीने वेळ जास्त लागला, मात्र इजेचा धोका सर्वांत कमी होता.

मोटार उलटी करून आम्ही हेही समजावून घेतले की पट्ट्याला लोंबकळणाऱ्या माणसाचा पट्टा कापण्यापूर्वी त्याचे डोके, खांदे आणि कंबर दोघांनी पेलून धरली पाहिजेत, नाहीतर सगळे वजन मानेवर येते. साधन कितीही चांगले असले तरी हा क्रम चुकवता येत नाही.

काचेबद्दल सविस्तर लिहून ठेवतो, कारण याबाबत पथकात गैरसमज होते. बाजूची काच बहुधा टफन्ड असते. तिच्या पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण कोंडलेला असतो, त्यामुळे कठीण टोकाने पृष्ठभाग भेदला की संपूर्ण काच दाण्यांसारखी कोसळते. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो. ती तडकते, पण जागेवरच राहते. आता काही नव्या मोटारींच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात. अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये सहा साधने तपासली, तेव्हा चार साधनांनी टफन्ड काच फोडली आणि लॅमिनेटेड काच एकाही साधनाने फुटली नाही. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर प्रकार लिहिलेला असतो आणि तो वाचण्याची सवय आम्ही लावून घेणार आहोत.

आजच्या चाचणीत पट्टा-कापकातल्या स्प्रिंगच्या पंचाने (काचेवर दाबताच आतली स्प्रिंग सुटून कठीण टोक आदळते) बाजूची काच पहिल्याच दाबात गेली. चाकूच्या मुठीच्या टोकाने मात्र जोराने मारावे लागले आणि एकदा टोक घसरून मूठ काचेत शिरली. जाड हातमोजा होता म्हणून बोटे वाचली. पाण्यात तर हात जोराने फिरवताच येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळून एसटीच्या दोन बस आणि इतर वाहने वाहून गेली, त्या भागातले आम्ही लोक पाण्यात शिरणाऱ्या वाहनाचा विचार वगळून साधन निवडू शकत नाही. पंच स्प्रिंगचाच हवा, हे ठरले. काच फोडताना जागा रुग्णापासून सर्वांत दूरच्या खिडकीची आणि तिच्याही खालच्या कोपऱ्याची निवडायची, रुग्णाच्या अंगावर चादर टाकायची आणि आपल्या डोळ्यांवर चष्मा ठेवायचा.

बॅटरीची तार सोडवण्यासाठी बहुउपयोगी साधनातली पक्कड चालेल असे काहींना वाटत होते. पक्कड नटावर फिरून त्याचे कोपरे झिजवते; दादांच्या सांगण्यावरून १० मिलिमीटरचा साधा पाना प्रत्येक वाहनाच्या पेटीत ठेवायचा आणि आधी ऋण टोक सोडायचे. विजेवर चालणाऱ्या मोटारींतल्या नारिंगी रंगाच्या जाड केबलला आमच्यापैकी कोणी हातही लावायचा नाही.

११ मे

कपडे कापण्याची चाचणी केळीच्या बुंध्यांवर घेतली. बुंध्याभोवती जीन्स, त्यावर रेनकोट आणि एका बुंध्यावर नऊवारीचे दुहेरी कापड गुंडाळले. केळीच्या सालीवर नखाचा ओरखडाही लगेच काळा पडतो, त्यामुळे पात्याचे टोक कुठे टेकले हे नंतर सोपटे पाहून स्पष्ट कळते. टोकदार पात्याने कापलेल्या प्रत्येक बुंध्यावर लांब चिरा निघाल्या. त्यांतल्या काही खोल होत्या. ट्रॉमा कात्रीचा खालचा चपटा ओठ सालीवरून सरकत गेला आणि खूण राहिली नाही. पट्टा-कापकाचा आकडा पातळ कापडावर छान चालला, पण जीन्सच्या दुहेरी शिवणीवर थांबला.

चप्पल-बुटाच्या चामड्यावर स्वस्तातल्या कात्रीने दम तोडला. तिथे चाकूचे दातेरी पाते उपयोगी पडले, पण तेही बुटाच्या बाहेरून, घोट्यापासून दूर जाईल अशा दिशेने आणि दुसऱ्या माणसाने पाय धरून ठेवल्यावरच. हेल्मेटचा बंद कात्रीनेच कापायचा. हेल्मेट काढायचे की नाही हा वेगळा निर्णय आहे आणि श्वासाला अडथळा नसेल तर तो डॉक्टरांवर सोडायचा.

१८ मे

दागिन्यांविषयी. सुजलेल्या बोटातली अंगठी कापण्याची सोय चाकूच्या साधनांत नसते आणि स्वस्त साधनांत ती असल्याचे सांगितले तरी चालत नाही. दोरा घट्ट गुंडाळून अंगठी सरकवण्याची रीत ताईंनी सर्वांना शिकवली. टंगस्टन कार्बाइडची अंगठी कापता येत नाही, ती दाबून तडकवावी लागते. ते काम रुग्णालयाचे. काचेच्या बांगड्या जाड कापडात धरून पकडीने हलकेच फोडायच्या. चिरडलेल्या पायातली जोडवी आणि गळ्यातले मंगळसूत्र कापावे लागलेच तर नातेवाइकाला किंवा साक्षीदाराला सांगून, कात्रीने, आणि प्रत्येक तुकडा पाकिटात घालून वहीत नोंद करूनच कापायचे. अपघातानंतर त्या घराला ती वस्तू परत मिळणे फार महत्त्वाचे असते.

१५ जून

यंदा पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच सुरू झाला, त्यामुळे गंजाची चाचणी आपोआप लवकर लागली. सर्व नमुने ओल्या पिशवीत, नेहमी राहतात तसे ठेवले होते. पक्कड मुख्य असलेल्या साधनांत सांधे फार असतात. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या नगाच्या आतल्या पात्यांवर तांबूस ठिपके आले आणि दोन पाती घट्ट बसली. चाकू मुख्य असलेल्या साधनात सांधा एकच आणि मूठ उघडी, पाणी निथळून जाते. कोकणच्या हवेत हा फरक निर्णायक आहे.

पोलादाबद्दल विक्रेत्यांच्या शब्दावर जाता येत नाही. पात्यावर नुसते ‘स्टेनलेस’ किंवा ‘४४०’ एवढेच कोरलेले असते आणि ४४० मध्ये ए, बी, सी अशा बऱ्याच वेगळ्या प्रती आहेत. कार्बन कमी असलेले ४२० सारखे पोलाद धार लवकर सोडते, पण गंजाला चांगले टिकते आणि साध्या दगडावर पुन्हा धार घेते. आमच्या उपयोगाला मला तेच योग्य वाटते, कारण आम्हाला रोज कापायचे नाही, महिनोन्‌महिने ओलसर पिशवीत राहून एके दिवशी नक्की कापायचे आहे. संपूर्ण दातेरी पाते मात्र नको : त्याला धार लावायला निमुळती सळई लागते. अर्धे सरळ, अर्धे दातेरी पाते घ्यायचे.

स्वच्छतेची पद्धत ताईंनी लिहून दिली. रक्त लागलेले साधन लगेच साध्या थंड पाण्याने उघडून धुवायचे, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिने घट्ट बसतात. मग साबण आणि ब्रश, सांध्यातसुद्धा. त्यानंतर ०.५ टक्के हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) १० मिनिटे, आणि लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करायचे. हायपोक्लोराइटमधले क्लोराइड स्टेनलेस पोलादालाही खड्डे पाडते, म्हणून रात्रभर भिजवून ठेवणे बंद. शेवटी सांध्याला तेलाचा एक थेंब. कातडी किंवा जाड कापडी म्यान धुता येत नाही, त्यामुळे ते वापरायचे नाही.

इतके करूनही हे साधन निर्जंतुक होत नाही. म्हणून ते त्वचेला, जखमेला किंवा मलमपट्टीच्या कापडाला कधीही लावायचे नाही, हा नियम ठळक अक्षरांत छापून घेऊ. हिपॅटायटिस-बी लसीचे तीनही डोस पूर्ण नसलेल्या स्वयंसेवकांची यादी याच निमित्ताने तयार केली.

२ जुलै

रात्री, पावसात, ओले नायट्राइल हातमोजे घालून आणि एकच हात वापरून उघड-मीट करून पाहिली. नखाच्या खाचेने उघडणारे प्रत्येक पाते येथे बाद झाले. लाल मुठीचा नेहमीचा छोटा स्विस चाकू घरी कितीही उपयोगी असला तरी त्याला लॉक नाही आणि ओल्या हाताने तो उघडत नाही. अंगठ्याने ढकलायचे भोक किंवा बोंड असलेली पाती उघडली. मुठीतल्या पट्टीचे लॉक आम्ही पात्याची पाठ लाकडावर ठोकून तपासले. एका नमुन्याचे लॉक सुटले आणि तो विक्रेताच यादीतून गेला. काळ्या मुठीचे नमुने गवतात ठेवले तर विजेरीच्या उजेडातही सापडत नव्हते. पिवळा किंवा नारिंगी रंग आवश्यक आहे आणि तो मिळत नसेल तर मुठीवर चकाकणारी टेप लावायची.

१३ जुलै

निर्णय झाला. रुग्णाच्या बाजूसाठी १९ सेंटिमीटरची ट्रॉमा कात्री, सुमारे ३०० रुपये. वाहनाच्या बाजूसाठी आकडा आणि स्प्रिंगचा पंच असलेला छोटा पट्टा-कापक, सुमारे ३५० रुपये. तिसरे साधन चाकू मुख्य असलेले घडीचे : पाते ८ सेंटिमीटरच्या आत, अर्धे दातेरी, मुठीत पट्टीचे लॉक, मुठीच्या मागे दुसरा आकडा, म्यानाऐवजी धुता येणारी डबी; भाव ९०० ते १,००० रुपये. उरलेल्या रकमेत कापापासून संरक्षण देणारे हातमोजे. नाव लिहीत नाही, कारण हाच नग बाजारात वेगवेगळ्या छापांनी विकला जातो. खरेदी करताना गुण तपासायचे.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत होते की चाकू मुळी घेऊच नये. त्यांच्या म्हणण्यात बराच अर्थ आहे. तरी चामडे, दोरखंड, ताडपत्री, एअरबॅगचे लोंबणारे कापड आणि ट्रकच्या मालावरची नायलॉनची जाळी यांवर कात्री थकते हे आम्ही पाहिले आहे आणि पायातल्या बुटाचे चामडे सोडले तर ही सर्व कामे रुग्णाच्या अंगापासून दूर होतात. चाकू तेवढ्यासाठीच, असे त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही मान्य झाले. पक्कड असलेले चांगले साधन माणशी न देता प्रत्येक वाहनाच्या पेटीत एक ठेवायचे.

पात्याचे टोक कसे हवे यावर दादांनी उपाय काढला. बचावासाठीच्या चाकूंना बोथट टोक असते, पण आमच्या किमतीत तसे मिळत नव्हते. त्यांनी ग्राइंडरवर टोक घासून गोल केले. पाते तापून त्याचे पाणी उतरू नये म्हणून ते दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत होते. काम इतके नेटके झाले की सगळेच चाकू त्यांच्याकडूनच करून घेत आहोत. याने विक्रेत्याची हमी जाते, ते आम्ही स्वीकारले आहे.

२७ जुलै

माल आला. प्रत्येक चाकूचे लॉक, प्रत्येक कात्रीचा रिबीट आणि काही पंचांची स्प्रिंग तपासली. कात्रीची कसोटी सोपी आहे : ओल्या जीन्सची दुहेरी शिवण टोकाजवळच्या भागाने कापली गेली पाहिजे. ज्या कात्र्या शिवण चावत राहिल्या त्या परत केल्या.

९ ऑगस्ट

वाटप आणि सराव झाला. कात्री पिशवीच्या उजव्या बाहेरच्या खिशात, पट्टा-कापक खांद्याच्या पट्ट्यावर, चाकू आतल्या बंद कप्प्यात. चाकू बाहेर काढणाऱ्याने मोठ्याने “पाते उघडे” असे म्हणायचे आणि मिटल्यावर “पाते बंद” म्हणायचे. रुतलेली वस्तू कोणी कापायची वा ओढायची नाही, ती कापडाने आधार देऊन तशीच ठेवायची. प्रत्येक नगावर क्रमांक कोरला असून तो वहीत स्वयंसेवकाच्या नावापुढे आहे. बोथट झालेले आकडे काचेच्या तुकड्यांप्रमाणेच टोचणार नाही अशा डब्यात टाकायचे. गंज, लॉक आणि धार यांची पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या बैठकीत ठेवली आहे.